घर न सोडता उपचार : स्त्रियांचे मनःस्वास्थ्य आणि व्यसनमुक्ती

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट मागे पडले की घोटावडे फाटा लागतो. तेथून उजवीकडे वळणारा रस्ता घोटावडे गावातून पुढे माण आणि हिंजवडीकडे जातो. मुळशी तालुक्यातील या गावाच्या एका अंगाला पिरंगुटचे कारखाने, दुसऱ्या अंगाला हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी आणि मध्ये अजूनही भाताची खाचरे, असे या परिसराचे आजचे रूप आहे. येथील स्त्रीचा दिवस पहाटे सुरू होतो. घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा, गोठ्यातील जनावरे, आवणीच्या दिवसांत चिखलातील काम, आणि अलीकडच्या काळात कारखान्यातील पाळी किंवा नव्या वसाहतींतील घरकाम, अशी तिची कामे एकापुढे एक उभी असतात.

अशा गावातील एखादी स्त्री व्यसनात सापडली आहे, किंवा कित्येक महिने नैराश्याने ग्रासलेली आहे, अशी कल्पना करावी. तिला कोणीतरी चांगला सल्ला देते : “व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हा, महिना-सव्वा महिन्यात बऱ्या होऊन घरी याल.” हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच असतो. परंतु सव्वा महिना घर कोणी सांभाळावयाचे, धाकट्या मुलास कोणाकडे ठेवावयाचे, बुडालेला रोज कोठून भरून काढावयाचा आणि “सूनबाई कोठे गेल्या आहेत?” या प्रश्नास काय उत्तर द्यावयाचे, हे त्या सल्ल्यात नसते. परिणामी ती दाखल होत नाही. आजार वाढत राहतो आणि उपचाराची गोष्ट तेथेच संपते.

मुक्कामी उपचार आणि उपचारांचा पूर्ण अभाव, या दोन टोकांच्या मधला एक मार्ग वैद्यकशास्त्राने विकसित केला आहे. त्यास ‘सघन बाह्यरुग्ण उपचार’ असे म्हणता येईल. रुग्णाने आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक तास केंद्रात यावयाचे, तेथे औषधोपचार, समुपदेशन आणि गटचर्चा यांचा लाभ घ्यावयाचा आणि त्याच दिवशी घरी परतावयाचे, अशी ही पद्धती आहे. ग्रामीण स्त्रियांच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे.

न दिसणारा रुग्ण

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटातील पुरुषांपैकी २७.३ टक्के, तर स्त्रियांपैकी १.६ टक्के मद्यसेवन करतात, असे त्यात आढळले. हा आकडा लहान वाटला तरी देशाच्या लोकसंख्येचा विचार करता त्यामागे लक्षावधी स्त्रिया उभ्या आहेत. याच अहवालातील आणखी एक निष्कर्ष अधिक चिंताजनक आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एका व्यक्तीस कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारी व्यक्ती १८० मध्ये एकच असते.

महाराष्ट्रात दारूविरोधी चळवळीचे नेतृत्व मुख्यतः स्त्रियांनी केले. २००८ च्या शासकीय अधिसूचनेनुसार गावातील स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला आणि मतपत्रिकेवरील ‘आडवी बाटली’ हे चिन्ह घरोघरी पोहोचले. दारूमुळे उद्ध्वस्त झालेला संसार सावरणारी स्त्री, हे चित्र त्यामुळे समाजमनात ठसले आहे आणि ते खरेही आहे. मात्र या चित्रात, स्वतःच व्यसनात अडकलेल्या स्त्रीस जागा उरत नाही. पुरुषाच्या व्यसनाबद्दल शेजारी सहानुभूतीने बोलतात; स्त्रीच्या व्यसनाबद्दल कुजबुजतात. म्हणून ती लपविते, आणि घरचेही लपवितात.

शिवाय स्त्रियांचे व्यसन म्हणजे केवळ दारू नव्हे. जाळलेल्या तंबाखूची पूड दातांना व हिरड्यांना चोळण्याची, म्हणजे मशेरी लावण्याची सवय आपल्या ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. २०१६-१७ मधील जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १७ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून सुरू झालेली मशेरी पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागू लागते. ती मिळाली नाही की डोके दुखते, चिडचिड होते, शौचास होत नाही. हे निकोटीनच्या अधीन झाल्याचे लक्षण होय. परंतु घरात ते व्यसन मानलेच जात नाही. झोपेच्या वा चिंताशामक गोळ्यांचेही तसेच आहे. एखाद्या दुःखद प्रसंगी डॉक्टरांनी काही दिवसांपुरत्या दिलेल्या गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे घेतल्या जातात आणि पुढे त्यांच्याशिवाय डोळा लागेनासा होतो.

मन आणि व्यसन यांची सांगड

स्त्रियांच्या बाबतीत व्यसन व मनोविकार यांचा एकत्र विचार करणे का आवश्यक आहे, हे समजून घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नैराश्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दीडपट आहे. बाळंतपणानंतरचे दिवस, घरातील हिंसा, आर्थिक परावलंबन, आप्ताचा मृत्यू ही त्यामागील काही कारणे होत. मनावरील हा भार असह्य झाला की काही काळ विसर पाडणाऱ्या पदार्थाकडे हात जातो. प्रारंभी त्याने बरे वाटते. काही महिन्यांनी तोच पदार्थ झोप उडवितो, उदासी वाढवितो आणि अपराधीपणाची नवी भर घालतो. मग तो भार विसरण्यासाठी पुन्हा तोच पदार्थ, असे हे चक्र फिरत राहते. यांपैकी केवळ व्यसनावर उपचार केला आणि नैराश्य तसेच राहिले, तर व्यसन परत येते. केवळ नैराश्याच्या गोळ्या दिल्या आणि दारू चालूच राहिली, तर गोळ्यांचा उपयोग होत नाही. दोन्हींवर एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी उपचार व्हावे लागतात.

स्त्रीची शरीररचनाही येथे विचारात घ्यावी लागते. पुरुषाच्या तुलनेत स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तितक्याच दारूने तिच्या रक्तातील मद्याचे प्रमाण अधिक वाढते. यकृताचे विकार तिला तुलनेने कमी वर्षांत जडतात. पहिल्या घोटापासून पूर्ण अधीनतेपर्यंतचा प्रवासही स्त्रियांमध्ये बहुधा अधिक वेगाने होतो, असे अनेक अभ्यासांत आढळून आले आहे. म्हणजे जिला उपचाराची घाई अधिक, तीच उपचारापर्यंत उशिरा पोहोचते, अशी ही विपरीत स्थिती आहे.

येरवड्यातील वाटचाल

या प्रश्नावर महाराष्ट्रात झालेल्या कार्याचा विचार करताना पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागेल. गर्दच्या व्यसनाने तरुण पिढीस घातलेल्या विळख्याबद्दल डॉ. अनिल अवचट यांनी लेखन केले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रेरणेने आणि अर्थसाहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथील मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. त्याची उभारणी केली ती डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि त्याच रुग्णालयात काम करीत होत्या. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील काळात त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी या कार्याची धुरा वाहिली.

व्यसनाकडे गुन्हा म्हणून न पाहता आजार म्हणून पाहावे, ही मुक्तांगणची प्रारंभापासूनची भूमिका आहे. रुग्णाइतकेच त्याचे कुटुंबही होरपळलेले असते, हे ओळखून रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविण्यात आला. या गटात स्त्रिया येत होत्या त्या पतीच्या व्यसनाने पोळलेल्या म्हणून. व्यसनी स्त्रीसाठी मात्र स्वतंत्र जागा असणे आवश्यक होते. पुरुष रुग्णांच्या गटात स्त्री आपले मन उघडे करू शकत नाही, विशेषतः तिच्या दुःखाचे मूळ एखाद्या पुरुषाने केलेल्या अत्याचारात असेल तर नाहीच. ही गरज ओळखून २००९ मध्ये ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग सुरू करण्यात आला.

मुक्तांगणातील निवासी उपचारांचा कालावधी साधारणपणे ३५ दिवसांचा असतो. ज्यांना दाखल होणे शक्य आहे, आणि ज्यांच्या आजाराच्या तीव्रतेमुळे ते आवश्यकच आहे, त्यांच्यासाठी असा उपचार मोलाचा आहे. परंतु घोटावड्याहून येरवड्यास जावयाचे, तर पश्चिमेकडून ईशान्येकडे सारे पुणे शहर ओलांडावे लागते. या अंतरात घरातील जबाबदाऱ्यांचे अंतर मिळविले, म्हणजे जवळ मिळणाऱ्या दिवसाच्या उपचारांची आवश्यकता ध्यानात येते.

दिवसाचा उपचार कसा चालतो

रुग्णास रात्री घरी ठेवून दिवसा उपचार देण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, माँट्रिऑल व लंडन येथे मनोरुग्णांसाठी ‘दिवसाची रुग्णालये’ सुरू झाली. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या पद्धतीस गती मिळाली ती १९८० च्या दशकात. अमेरिकेत कोकेनच्या व्यसनाची लाट आली तेव्हा लॉस एंजेलिस येथे १६ आठवड्यांचा एक सूत्रबद्ध बाह्यरुग्ण उपचारक्रम तयार करण्यात आला आणि तो पुढे अनेक ठिकाणी स्वीकारला गेला. तेथील व्यसनवैद्यक तज्ज्ञांच्या मानकांनुसार प्रौढ व्यक्तीसाठी आठवड्यास किमान ९ तासांचा आणि २० तासांहून कमी उपचार ‘सघन बाह्यरुग्ण’ या वर्गात मोडतो. ज्यांना चोवीस तास वैद्यकीय देखरेखीची गरज नाही, अशा बहुसंख्य रुग्णांना या पद्धतीने निवासी उपचारांइतकाच लाभ होतो, असा तौलनिक अभ्यासांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे.

हा उपचार आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी द्यावयाचा झाल्यास त्याचे स्वरूप कसे राहील? सोमवार, बुधवार व शुक्रवार, सकाळी ११ ते दुपारी २ ही वेळ सोयीची ठरावी. घरचा सकाळचा स्वयंपाक आटोपून निघता येते आणि मुले शाळेतून परतण्यापूर्वी घरी पोहोचता येते. पहिला तास गटचर्चेचा. आठ-दहा स्त्रिया आणि एक प्रशिक्षित समुपदेशिका गोलाकार बसतात. गेल्या दोन दिवसांत काय घडले, तलफ केव्हा आली, त्या वेळी काय केले, हे प्रत्येकीने सांगावयाचे. बोलावयाचे नसेल तर ऐकावयाचे. आपल्यासारखीच दुसरी कोणी आहे, हे कळणे हाच पुष्कळ स्त्रियांसाठी उपचाराचा आरंभ असतो.

दुसरा तास कौशल्यशिक्षणाचा. तलफ ही लाटेसारखी असते. ती चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, हे येथे समजावून सांगितले जाते. ती अर्धी घटका कशी काढावी, याचा सराव करून घेतला जातो : पाणी पिणे, घराबाहेर चार पावले चालणे, ठरविलेल्या व्यक्तीस दूरध्वनी करणे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तोल जाण्याचा धोका अधिक असतो. त्या वेळीच ओळखण्याची सवय लावली जाते. लग्नकार्यात वा यात्रेत कोणी आग्रह केला तर नकार कसा द्यावा, रात्री झोप येत नसेल तर काय करावे, मनात वारंवार येणाऱ्या “मी कोणाच्याच उपयोगाची नाही” यासारख्या विचाराची सत्यासत्यता कशी तपासावी, हेही विषय त्यात येतात.

तिसरा तास व्यक्तिगत असतो. एके दिवशी मनोविकारतज्ज्ञ रुग्णास तपासतात. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन किंवा अकाम्प्रोसेटसारखी औषधे, नैराश्यावरील औषधे, पोषणातील उणीव भरून काढण्यासाठी जीवनसत्त्वे, तंबाखू सोडणाऱ्या स्त्रीस निकोटीनयुक्त गोळ्या, असा ज्याच्या-त्याच्या गरजेनुसार उपचार ठरतो. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही तर “गोळ्यांनी काही होत नाही” म्हणून त्या मध्येच सोडल्या जातात. दुसऱ्या दिवशी व्यक्तिगत समुपदेशन होते. तिसऱ्या दिवशी घरातील एका व्यक्तीस बोलावून चर्चा केली जाते. मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या तोंडाची तपासणीही याच केंद्रात करून घेता येते.

दोन-अडीच महिन्यांनंतर प्रकृती पाहून आठवड्याचे तीन दिवस दोनावर आणि पुढे एकावर येतात. त्यानंतर महिन्यातून एकदा पाठपुरावा आणि स्वमदत गटाची बैठक. मधल्या काळात एखादे वेळी पाय घसरला तरी रुग्णास उपचारातून काढून टाकावयाचे नसते. कोठे चुकले हे शोधून काढून पुन्हा उभे राहावयाचे, ही या उपचाराची रीत आहे. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून त्यास कोणी दवाखान्याबाहेर काढीत नाही, तसेच हे होय.

केव्हा दाखल व्हावे

हा उपचार सर्वांसाठी पुरेसा आहे, असे मात्र समजू नये. दीर्घकाळ रोज मोठ्या प्रमाणात दारू घेणाऱ्या व्यक्तीने ती एकाएकी सोडली, तर पहिल्या दिवशी हातापायांस कंप सुटतो, घाम येतो. दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम व वाताची गंभीर अवस्था उद्भवून जिवावर बेतू शकते. पूर्वी असे झटके आलेल्या रुग्णास प्रथम रुग्णालयातच ठेवले पाहिजे. झोपेच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांची मात्रा कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागते. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील, रुग्ण गरोदर असून व्यसन गंभीर असेल, किंवा घरातच जिवास धोका असेल, तर निवासी उपचारच योग्य ठरतात. अशा प्रसंगी काही दिवस दाखल राहून पुढील उपचार दिवसाच्या केंद्रात घेणे, असा दोन्हींचा मेळ घालता येतो.

घरातील हिंसेचा प्रश्न प्रत्येक स्त्री रुग्णास एकांतात विचारला गेला पाहिजे. पती शेजारी बसला असताना खरे उत्तर मिळत नाही. मारहाण चालू असेल तर केवळ औषधाने नैराश्य जाणार नाही. अशा वेळी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली नियुक्त संरक्षण अधिकाऱ्याशी तिची गाठ घालून देणे, हाही उपचाराचाच भाग होय.

गावापर्यंत पोहोचलेले प्रयोग

तालुक्याच्या पातळीवर इतके तज्ज्ञ कोठून आणावयाचे, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्याच देशातील काही प्रयोगांनी दिले आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू देऊन राहावयास बोलाविले आणि शुश्रूषेत सहभागी करून घेतले. कुटुंबाला उपचाराबाहेर न ठेवता त्यात सामावून घेण्याचा हा आपल्याकडील एक आरंभ होता. चेन्नई येथे शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने पुढे तामिळनाडूतील मंजक्कुडी या खेड्यात व्यसनमुक्तीची शिबिरे भरविली आणि उपचार गावात नेता येतो हे दाखवून दिले.

स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त दाखला शेजारच्या गोव्यातील आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत उपचार दिले. या रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी होती. मनाला उभारी येण्याची वाट न पाहता आवडत्या, अर्थपूर्ण कामांची दिवसात हळूहळू भर घालावयाची, हे या उपचाराचे सूत्र. बैठका आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरीही होत. तीन महिन्यांनी पाहिले असता हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या प्रयोगातील उपचार सघन नव्हता. परंतु गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती हे काम समर्थपणे करू शकते, हे त्याने सिद्ध केले.

महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ या प्रकल्पाद्वारे गावातील स्वयंसेवकांना मानसिक ताणाने ग्रासलेल्या व्यक्ती ओळखून त्यांना आधार देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. पुण्याच्या आय. एल. एस. विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्यविषयक केंद्राचा हा उपक्रम होता. २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती शोधण्याचे काम केले. गावातील प्रत्येक उंबरठा आशा कार्यकर्तीच्या ओळखीचा असतो. व्यसन लपविणारी स्त्री जिच्याशी बाळाच्या लसीबद्दल बोलते, तिच्याशीच स्वतःबद्दलही बोलू शकेल. मनोविकारतज्ज्ञ रोज उपस्थित असण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून एक भेट, एक प्रशिक्षित समुपदेशिका, एक परिचारिका आणि बाहेरून दिसणार नाही अशी एक खोली, एवढ्यावर दिवसाच्या केंद्राचा आरंभ होऊ शकतो.

कायद्याने दिलेले हक्क

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला आहे. शासकीय वा शासनाच्या साहाय्याने चालणाऱ्या सेवेतून परवडणारे व दर्जेदार उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि त्यात बाह्यरुग्ण सेवाही येतात. उपचारांसंबंधीची माहिती गुप्त राखण्याचा हक्क रुग्णास आहे. गावात बोभाटा होईल या भीतीने मागे राहणाऱ्या स्त्रीस हे आवर्जून सांगितले पाहिजे. दाखल व्हावेच लागले, तर उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मुलास सामान्यतः वेगळे करता येणार नाही, अशीही तरतूद या कायद्यात आहे.

तातडीच्या सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तीवर मराठीतूनही बोलता येते. व्यसनमुक्तीविषयक मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. स्वतःचे नाव न सांगता पहिली विचारणा करण्यासाठी हे दूरध्वनी उपयोगी पडतात.

उरलेले तास

आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांपैकी ९ तास स्त्री उपचारकेंद्रात असेल, तर उरलेले १५९ तास ती स्वतःच्या घरी, गावात आणि कामाच्या ठिकाणी असते. निवासी उपचारात रुग्णास व्यसनापासून दूर नेले जाते. येथे तिला ते समोर असतानाच दूर राहण्यास शिकावयाचे असते. ही या पद्धतीची अडचण आहे आणि बळही आहे. सोमवारी शिकलेली गोष्ट त्याच रात्री वापरून पाहता येते आणि बुधवारी तिचे काय झाले ते सांगता येते. मात्र त्यासाठी ते १५९ तास सुसह्य असावे लागतात. घरात दारूची बाटली नसावी. पती पीत असेल तर त्यानेही उपचारास यावे. सासूने आपली मशेरीची डबी सुनेच्या दृष्टीआड ठेवावी; तिनेही ती सोडण्याचा प्रयत्न केला तर उत्तमच. झालेल्या चुकांची उजळणी जेवणाच्या पानावर होऊ नये. घरखर्च तिच्या हातून काढून घेतला गेला असेल, तर तो थोडा थोडा परत सोपवावा, कारण विश्वासाची अशी लहान लहान पावलेच तिला उभे करतात.

घोटावड्यासारख्या गावांचे रूप गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलले. रस्ते झाले, कारखाने आले, वसाहती उभ्या राहिल्या. या बदलांचा ताण गावातील स्त्री सोसते आहे आणि त्यातील काही जणी एकाकीपणे मोडून पडत आहेत. त्यांच्यासाठी घराजवळ, दिवसाउजेडी आणि सन्मानाने मिळणारा उपचार उभा करणे हे शासन, आरोग्य यंत्रणा, ग्रामपंचायत आणि स्वयंसेवी संस्था यांचे सामाईक काम आहे. त्याचबरोबर घरानेही एक काम करावयाचे आहे. सोमवारी सकाळी ती केंद्राकडे जाण्यास निघेल, तेव्हा “किती वाजता येणार?” असे दरडावून विचारण्याऐवजी “तू जाऊन ये, मुलांचे मी पाहतो,” असे कोणीतरी तिला म्हणावे. पुढच्या बुधवारी ती पुन्हा केंद्राची पायरी चढेल की नाही, हे पुष्कळदा या एका वाक्यावर ठरत असते.